मोटारनौका, अभिजात लाकडी : जीर्णोद्धार

विसाव्या शतकात मिशिगन आणि न्यूयॉर्क राज्यांतील सरोवरांवर, तसेच इटलीतील इझेओ सरोवराकाठी, महोगनीच्या फळ्यांच्या आणि पेट्रोल इंजिनाच्या वेगवान खासगी नौका मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांतील जुन्या, मोडकळीस आलेल्या नौका पुन्हा पाण्यात धावण्याजोग्या करण्याचे काम म्हणजे हा जीर्णोद्धार. या धंद्याचा पाया क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ यांनी मिशिगनमधील अल्गोनॅक येथे घातला. मुलांना बरोबर घेऊन १९२२ मध्ये त्यांनी ठरावीक मापाच्या, साच्यांवरून कापलेल्या फळ्यांच्या नौका एकामागून एक बांधायला सुरुवात केली. सुरुवातीच्या नौकांत महायुद्धातून उरलेली कर्टिस ओएक्स-५ ही विमानाची इंजिने बसवली जात. हाच कारखाना पुढे क्रिस-क्राफ्ट या नावाने प्रसिद्ध झाला. गार वुड आणि जॉन हॅकर यांच्या नौका त्याच काळातल्या. कार्लो रिवा यांची ॲक्वारामा पुष्कळ नंतरची, १९६२ ची. क्रिस-क्राफ्टने १९७१ च्या सुमारास महोगनीचे काम थांबवले आणि या नौका जुन्या वस्तूंच्या यादीत गेल्या. १९७५ मध्ये लेक जॉर्ज येथे स्थापन झालेल्या हौशी मालकांच्या संस्थेने त्यांची कालखंडानुसार वर्गवारीही केली : १९१८ पर्यंतच्या ऐतिहासिक, १९१९ ते १९४२ पुरातन आणि १९४३ ते १९७५ अभिजात. या नोंदीत शेवटच्या दोन वर्गांतील, ‘रनअबाउट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उघड्या नौकांचा विचार केला आहे.

अशी नौका विकत घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो बुडाचा. बूड बदलायचे की वाचवायचे? या नोंदीचे म्हणणे असे, की बहुतेक नौकांच्या बाबतीत पाण्याखालचे लाकूड नवे घालणे हीच मूळ नौकेशी खरी इमानदारी ठरते. पाण्याच्या रेषेवरचे लाकूड मात्र नाइलाज झाल्याशिवाय बदलू नये. वरवर ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात. नौकेची बांधणी पाहिली की ती एकाच तर्कातून निघतात हे कळते. पांढऱ्या ओकच्या फासळ्या आणि कणा उभा करून त्यावर महोगनीच्या फळ्या स्क्रूंनी बसवल्या जात. यातली बरीचशी ‘फिलिपाइन महोगनी’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महोगनी नव्हेच. ती शोरिया या प्रजातीची, म्हणजे आपल्या सालवृक्षाची नातलग. बाजूंना फळ्यांचा एकच थर असे आणि प्रत्येक सांध्यामागे आतून एक लांब पट्टी असे. बुडाला दोन थर असत : आतला तिरका, बाहेरचा कण्याला समांतर, आणि दोहोंच्या मध्ये लुकणासारख्या लेपात भिजवलेला कॅनव्हास. प्रत्येक स्क्रूचे डोके खड्ड्यात बसवून त्यावर लाकडी बूच ठोकले जाई.

हे बूड कायमचे टिकावे म्हणून बांधलेले नव्हते. नौका वसंतात पाण्यात उतरवायची, एकदोन दिवस ती गळू द्यायची, लाकूड फुगून सांधे आपोआप मिटले की मोसमभर पाण्यातच ठेवायची, असा तिचा वापर गृहीत होता. हिवाळ्यात लाकूड आकसे, वसंतात पुन्हा फुगे. अशी काही दशके गेली की कॅनव्हासमधला लेप वाळून ठिसूळ होतो आणि दोन थरांच्या मध्ये ओल अडकते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, आतली फळी मात्र बुरशीने भुसभुशीत होत जाते. विशेष म्हणजे हे काम सरोवराच्या पाण्यापेक्षा डेकवरून झिरपलेले पावसाचे पाणी जास्त करते, कारण ते तळाशी साचून राहते. स्क्रूंचीही तीच गत. पितळी स्क्रूमधले जस्त पाण्यात निघून जाते आणि गुलाबीसर, सच्छिद्र तांबे मागे राहते. असा स्क्रू पेचकसाने फिरवला तर डोके हातात येते आणि दांडा लाकडातच तुटून राहतो. म्हणून आज नव्या कामात सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू वापरतात. त्या मिश्रधातूत सुमारे ९६ टक्के तांबे असते आणि जस्त जवळजवळ नसतेच.

लाकूड कुजले म्हणून ते बदलावे, हे झाले सोपे कारण. खरे कारण आकाराचे आहे. ही नौका पाणी कापत जाणारी नव्हे. वेग वाढला की ती पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाते आणि तळाच्या मागच्या सपाट भागावर घसरत धावते. त्या भागात थोडासा जरी पोकळ बाक आला तरी नाळ खाली दाबली जाते; उलट फुगवटा आला तर नौका पुढेमागे डुलत उड्या मारू लागते. वर्षानुवर्षे शेडमध्ये दोनतीन ठोकळ्यांवर पडून राहिलेल्या नौकेचा कणा इंजिनाच्या भाराने वाकलेला असतो, आणि बुडाच्या जुन्या फळ्या तो वाक धरून बसलेल्या असतात. म्हणून अनुभवी कारागीर फळीला हात लावण्यापूर्वी इंजिन उतरवतो, नौकेला सर्व बाजूंनी आधार देतो, दोरी आणि सरळ पट्टी लावून मूळ रेषा शोधतो आणि कणा हळूहळू तिच्यावर आणतो. त्यानंतरच नौका उलटी केली जाते. जुन्या फळ्या जपण्याच्या हट्टापायी वाकडे बूड तसेच ठेवले तर लाकूड मूळचे राहील, पण जॉन हॅकरसारख्या रेखाटनकाराने ज्या धावेसाठी ती रेषा काढली ती धाव हरवेल. नौकेच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे काय, याचे उत्तर इथेच सापडते.

यावर नेहमीचा आक्षेप ग्रीक तत्त्वज्ञांनी थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने घेतला होता तोच : एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या तर ते जहाज तेच राहते का? आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणाला अडवत नाही. शिखर नवे बांधलेल्या देवळाला कोणी दुसरे देऊळ म्हणत नाही. ‘जीर्णोद्धार’ हा शब्दच ते सातत्य गृहीत धरून चालतो. पण आक्षेपाला केवळ शब्दाच्या आधारे उत्तर देणे लबाडीचे होईल. संवर्धनाच्या क्षेत्रातली १९६४ ची व्हेनिस सनद सांगते, की नवा भाग एकूण वास्तूशी सुसंगत असावा, तरी तो नवा आहे हे ओळखता आले पाहिजे. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या कसोट्यांत सामग्रीबरोबर आकार, वापर आणि तंत्र यांनाही जागा दिली. या दोन्ही कसोट्यांवर बुडाचा बदल टिकतो. आकार आणि वापर तर त्यामुळेच वाचतात, आणि नवे काय ते कामाच्या नोंदीत व छायाचित्रांत स्पष्ट राहू शकते. मालकांच्या संस्थेचे परीक्षकही एखादी नौका ‘जतन केलेली’ आहे की नाही ते ठरवताना डेक आणि बाजूंवरचे किमान ६० टक्के मूळ लाकूड पाहतात. बुडाची फळी त्या हिशेबात धरलेली नाही, हे सूचक आहे. तुलनेसाठी १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज घ्या. त्याचा पुनरुद्धार हार्टलपूलला २००१ मध्ये पूर्ण झाला आणि त्यात मूळ सागवान मोठ्या प्रमाणात राखता आले. पण तो मलबारचा साग होता, आणि त्या जहाजाला आता ताशी चाळीस मैल वेगाने सरोवरावर आपटत जायचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बूड नवे करायचेच तर जुन्या रीतीने, कॅनव्हास घालूनच करावे, असे काहींचे म्हणणे असते. आज बहुतेक कार्यशाळा दोन थरांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा चिकट, रबरासारखा थर भरतात. अशा बुडाला फुगण्याची वाट पाहावी लागत नाही आणि ते गळत नाही. पण एकदा चिकटलेले ते पुन्हा सुटे करणे जवळजवळ अशक्य, आणि कॅनव्हासचे कसब जाणणारे हातही त्यामुळे कमी होत जातील. हा तोटा खरा आहे. तरीही ज्या परिस्थितीसाठी जुनी रीत होती ती परिस्थितीच आता राहिलेली नाही. मोसमभर पाण्यात उभी असणारी नौका आता गाडीमागच्या ट्रेलरवरून येते, दुपारभर धावते आणि संध्याकाळी कोरड्या गॅरेजात परत जाते. कॅनव्हासचे बूड या ओल्या-कोरड्या चक्रात दर वेळी गळणार आणि लवकर झिजणार. पॉलियुरेथेनला थोडी लवचीकता असल्याने लाकडाची हालचाल ते सहन करते. इपॉक्सीने कडक बांधलेल्या बुडाबद्दल मात्र सावध राहिलेले बरे, कारण हलणाऱ्या रुंद फळ्यांना ताठ कवचात अडकवले की ताण कुठेतरी भेग होऊन बाहेर पडतो. आक्षेप मान्य करावा असा एकच वर्ग उरतो : ज्या नौकेचे मूळ बूड अजून धड आहे आणि जिच्यासारखी दुसरी उरलेली नाही, ती पाण्यात न घालता न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटनच्या नौका-संग्रहालयासारख्या ठिकाणी जशीच्या तशी ठेवावी.

याच तर्काने पाण्याच्या रेषेवरची सढळ फेरबांधणी चुकीची ठरते. तिथे धावेचा प्रश्न नाही, दुरुस्तीची निकडही क्वचितच असते. आणि कारागिराचा हात दिसतो तो तिथेच. १९३९ ते १९४२ मधल्या १९ फुटी ‘बॅरल बॅक’ नौकांची मागची बाजू पिंपासारखी आत वळवलेली आहे. ती वळणे घेणारी फळी, तिच्यावरच्या पट्टीच्या खुणा, बुचांचा रांगेतला क्रम, हे सगळे त्या कारखान्याचे हस्ताक्षर आहे. एका टोकाला कुजलेल्या फळीला तेवढाच तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो. पूर्ण फळी काढून टाकणे बहुधा कारागिराची सोय असते, नौकेची गरज नव्हे. इथेच अति-सजावटीचा मोहही येतो. युद्धानंतर महोगनीची टंचाई होती तेव्हा क्रिस-क्राफ्टने काही नौकांच्या बाजू सीडरच्या करून रंगवल्या होत्या. आज त्यांतल्या काहींना महोगनी आणि चकचकीत व्हार्निश चढवले जाते. दिसतात त्या देखण्या, पण तशा त्या कधी नव्हत्या. ही चूक टाळण्याचे साधन उपलब्ध आहे. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स संग्रहालयात क्रिस-क्राफ्टची रेखाटने आणि प्रत्येक नौकेचे कारखान्यातील कार्ड जपून ठेवलेले आहे. नौकेवरच्या क्रमांकावरून ते काढले, की इंजिन कोणते होते आणि रंगसंगती कशी होती हे समजते.

उरलेल्या कामाला वेळ फार लागतो, वादाचे मुद्दे मात्र थोडे. महोगनीची छिद्रे रंगीत लुकणाने भरून आडवे पुसून घेणे, मग व्हार्निशचे दहा-बारा हात आणि प्रत्येक हातानंतर घासणे, डेकच्या सांध्यांतल्या पांढऱ्या रेषा, क्रोमचा मुलामा. इंजिन बहुधा हर्क्युलिसच्या ठोकळ्यावर बांधलेले सहा सिलिंडरचे असते. क्रिस-क्राफ्टचे ‘के’ हे त्यांतले ९५ अश्वशक्तीचे. त्याचे सुटे भाग अजून मिळतात. इंजिन आणि पंख्याचा दांडा कार्यशाळेत एका रेषेत आणले तरी ते काम कच्चेच समजायचे, कारण पाण्यावर टेकल्यावर नौकेचा आकार किंचित बदलतो. म्हणून ती उतरवून निदान एक दिवस तशीच तरंगू देतात, मग जोडणीच्या दोन तबकड्यांमध्ये पातळ पट्टी सरकवून फट चहूबाजूंनी मोजतात. तीन सहस्रांश इंचाहून जास्त फरक आढळला तर इंजिनाचे पाय पुन्हा सैल करावे लागतात.