उमरी, उर्दू आणि वीज वाहणारं प्लास्टिक

उमरी म्हटलं की नांदेडकडच्या जुन्या माणसांना ३० जानेवारी १९४८ आठवतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी त्या दिवशी इथली बँक लुटली आणि पैसा निजामाविरुद्धच्या लढ्याला लावला. शिक्षणाच्या भाषेचं भांडणही याच काळातलं, पण ते फारसं सांगितलं जात नाही.

निजामाच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवत. १९१८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचं हे मोठंच धाडस. इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणायला अनुवादाचं स्वतंत्र खातं होतं. अडचण एवढीच, की उमरीच्या पोराच्या घरी मराठी बोलत. पुढे शिकायचं तर त्याने आधी भाषा बदलायची. १९५०मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद. १९५८ला मराठवाडा विद्यापीठ आलं, १९९४ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. उमरीच्या पोराला आता मुदखेडमार्गे रेल्वेने नांदेड गाठलं की झालं.

पण विद्यापीठ जवळ आलं म्हणून संशोधन जवळ येत नाही. सिलिकॉनची चिप बनवायची तर धूळमुक्त खोल्या आणि कोट्यवधींची यंत्रं हवीत. प्लास्टिकने इथे वेगळं दार उघडलं.

१९७७मध्ये हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली. वीज वाहण्याची तिची क्षमता जवळपास एक कोटी पटीने वाढली! २०००चं नोबेल या तिघांना मिळालं. यातला मॅकडायर्मिड मला जास्त जवळचा वाटतो. न्यूझीलंडच्या ओढगस्तीच्या घरातला मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात साफसफाईची, बाटल्या धुण्याची अर्धवेळ नोकरी धरली. तिथेच दोन विषय घेऊन शिकायला लागला.

पुढे त्याने पॉलिॲनिलीनवर काम केलं. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता आणि बनवायला सोपा. बीकरमध्ये आम्लातलं ॲनिलीन घ्या, अमोनियम परसल्फेट घाला. थोड्या वेळात हिरवा गाळ बसतो. तो वीज वाहतो. अमोनिया लागला की निळा पडतो आणि वीज अडवतो, आम्ल दिलं की पुन्हा हिरवा. या अदलाबदलीवरच वायू ओळखणारे सेन्सर बनतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात डॉ. महेंद्र शिरसाट यांच्या गटाने वीजवाहक पॉलिमरच्या सेन्सरवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मोजमापाची यंत्रं महागच, पण सुरुवात एका बीकरपासून होते. मराठवाड्यातल्या विभागांना हा विषय झेपला, त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

तुमच्या फोनचा स्क्रीन ॲमोलेड असेल, तर त्यातला उजेडही कार्बनी रेणूंच्या पातळ थरांतून येतो. थर इतके पातळ, की काचेऐवजी प्लास्टिकवर बसवले तर वाकतात. घडीचे फोन त्यातूनच आले.

राहिली भाषा. एम.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. गावातून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी पहिल्या बाकावर असली तरी ‘डोपिंग’ शब्दापाशी अडते. शिक्षकाने तिथे थांबून मराठीत एवढंच सांगावं, की आयोडीन साखळीतले थोडे इलेक्ट्रॉन ओढून घेतं, जागा मोकळी होते आणि उरलेल्यांना सरकायला वाट मिळते, भरगच्च एस.टी.तून चार माणसं उतरल्यासारखं. मग तिच्या हातात बीकर द्यावा, अमोनियाची बाटली द्यावी आणि रंग का बदलला ते तिलाच, तिच्या भाषेत, विचारावं.