भोगवटा : कामोठ्याच्या भूमीचा वृत्तांत

आपल्या महसुली भाषेत ‘भोगवटा’ हा एक जुना आणि मोठा बोलका शब्द आहे. जमिनीवर प्रत्यक्षात कोणाचा वावर आहे, ती कोण कसतो, कोण वापरतो, हे त्या शब्दावरून कळते. सातबाराच्या उताऱ्यावर भोगवटादार असतो. नव्या इमारतीत राहावयास जाण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र लागते. गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिली, तर मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेतले जाते. शेत, इमारत आणि सदनिका अशा तीन ठिकाणी आलेला हा एकच शब्द हाती धरून कामोठ्याचा इतिहास बराचसा उलगडता येतो.

आज कामोठे म्हटले की सायन-पनवेल महामार्गालगतची दाट वसाहत डोळ्यांसमोर येते. मानसरोवर आणि खांदेश्वर ही दोन रेल्वे स्थानके तिच्या सेवेला आहेत. मुंबईतली लहानशी खोली सोडून तेथे राहावयास गेलेली कुटुंबे आपल्या ओळखीपाळखीत असतील. त्यांच्या तक्रारीही आपण ऐकल्या असतील: गाडी लावावयास जागा नाही, पाणी पुरत नाही, राहण्याच्या इमारतीत खाली दुकानांची रांग, आणि शेजारच्या दोन खोल्यांत सात-आठ भाडेकरू मुले. त्याच कामोठ्यात जुने गावही आहे आणि त्याची तक्रार निराळी आहे. वाढत्या कुटुंबासाठी पूर्वजांच्या जमिनीवर घर बांधले, तर ते अनधिकृत कसे ठरते, असे गावकरी विचारतात. वसाहतीला गावकऱ्यांची बांधकामे खुपतात आणि गावाला वसाहतीची तक्रार उपरी वाटते. माझ्या मते ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच मुळाची आहेत. ते मूळ पाहावयाचे तर बरेच मागे जावे लागेल.

पनवेलच्या खाडीकाठची ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नव्हे. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून मातीचे बांध घालावयाचे, पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात उघाडी ठेवावयाची, काही पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यावयाचे, आणि मग खारटपणा सोसणारे भात पेरावयाचे, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्यांनी खाजणाची शेते केली. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अशा बांधबंदिस्तीने मिळवलेल्या जमिनींसाठी ‘शिलोत्री’ नावाची निराळी धारापद्धतीच होती. बांध फुटला की एका रात्रीत सबंध शिवार खारे होई. म्हणून बांधाची राखण हे एकट्या घराचे काम नसून साऱ्या गावाचे असे. आगरी, कराडी आणि कोळी समाजांच्या जगण्यात शेती, मीठ आणि मासळी ही तिन्ही एकत्र नांदली, त्याचे कारण ही भूमीच होती.

घाम गावकऱ्याचा असला तरी जमीन पुष्कळदा खोताची किंवा सावकाराची असे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी नांगर खाली ठेवले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळास कायद्याने मालकीची वाट मोकळी झाली. ज्यांनी बांध घातले, त्यांच्यापैकी अनेकांचे नाव उताऱ्यावर मालक म्हणून यावयास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला, हे लक्षात असू द्यावे. कारण पुढचा अध्याय तेथून तेरा वर्षांत सुरू होतो.

मुंबई बेट माणसांनी ओसंडून गेले होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये झाला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी मुक्रर झाले, आणि १९७३ च्या विकास आराखड्यात वीस लाख लोकसंख्या गृहीत धरण्यात आली. मुंबईचा श्वास मोकळा व्हावा, हा हेतू थोर होता, यात मला शंका नाही.

आराखड्याने येणारे वीस लाख मोजले. तेथे असलेल्यांसाठी मात्र त्याने एक रेषा पुरेशी मानली. ती रेषा म्हणजे गावठाण.

गावठाणाची हद्द ही एकोणिसाव्या शतकातील भूमापनाची देणगी. शेतसारा कोणत्या जमिनीवर घ्यावयाचा आणि कोणत्या जागेवर नाही, हे ठरवण्यासाठी घरांभोवती ती आखली गेली. ती हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो आणि लोकवस्ती वाढली की तिचा विस्तार करता येतो. जमीन शेतीची होती तोपर्यंत ही अडचण फारशी जाणवली नाही. मुलाचे लग्न झाले की गावाच्या कडेला, आपल्याच खळ्याच्या बाजूला, आणखी एक घर उठे. सिडकोसाठी भूसंपादन झाले तेव्हा गावठाणे वगळण्यात आली आणि शेतजमीन घेण्यात आली. कागदावर हा न्याय निर्दोष दिसतो. पण गावाची वाढ ज्या शेतात व्हावयाची, ते शेतच गेल्यावर आजोबांच्या काळच्या रेषेत नातवंडांनी मावावे, असा त्याचा अर्थ झाला. कडेचे खळे आता सिडकोचे होते, म्हणून त्यावरचे घर अतिक्रमण ठरले. लोक त्याला ‘गरजेपोटी बांधलेले घर’ म्हणू लागले. सगळीच बांधकामे गरजेपोटी नव्हती, काही भाड्यापोटी आणि काही निव्वळ लोभापोटी होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण गरज खोटी नव्हती.

जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांनी या भूमिपुत्रांचा प्रश्न हाती घेतला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्ताची किंमत म्हणून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. तिचा शासकीय निर्णय १९९० मध्ये झाला व १९९४ मध्ये तो सुधारण्यात आला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावयाची, आणि तीतून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा करावयाची. म्हणजे हाती पडावयाची पावणेनऊ टक्के.

कामोठे वसाहतीचा फार मोठा भाग या योजनेच्या भूखंडांवर उभा आहे आणि तिचे रूप तेथेच घडले. एक साधा हिशेब मांडू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे पावणेनऊ टक्के म्हणजे सुमारे ३५४. या भूखंडांना दीड चटईक्षेत्र निर्देशांक दिला गेला, तेव्हा बांधकाम झाले ५३१ चौरस मीटर. चार भाऊ वारस असतील, तर एकेकाच्या वाट्याला भूखंडाचे ८९ चौरस मीटरही पूर्ण येत नाहीत. तेवढ्यावर स्वतः इमारत उभी करण्याची ऐपत शेतकऱ्याजवळ कोठून असणार? बहुतेकांनी विकासकाशी करार केले किंवा भूखंड विकून टाकले. लहान भूखंडावर शक्य तितक्या सदनिका काढावयाच्या, आणि नियमाने मिळणाऱ्या वाणिज्य वापराची दुकाने खाली रस्त्यालगत काढावयाची, हे विकासकाचे सरळ गणित होते. १९९८ मध्ये पनवेलपर्यंत लोकल धावू लागली आणि त्या गणिताला गिऱ्हाईकही मिळाले. ऐसपैस आवार आणि बाग यांना त्या गणितात जागा उरली नाही.

आता सदनिकेच्या आत जाऊ. १९८९ पासून कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. विद्यार्थी आले, परिचारिका आल्या, नोकरीसाठी एकटी राहणारी तरुण मुले आली. भाडे एकट्याला परवडत नाही, म्हणून ती एकत्र राहतात. संस्थेच्या सभेत मग ठराव येतो की अविवाहितांना जागा द्यावयाची नाही, अथवा एका सदनिकेत अमुक माणसांपेक्षा जास्त नकोत. पाण्याची टाकी आणि जिना सर्वांचा असतो, तेव्हा काळजी समजण्यासारखी आहे. काही संस्थांनी बिनभोगवटा शुल्क वाटेल तितके वाढवून हाच हेतू साधू पाहिला. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली.

‘एका घरात किती माणसे’ हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही दाटीच्या घरांविषयी कलम आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा दाटी हेच त्याचे कारण मानून चाळी तपासल्या गेल्या. १८९८ मध्ये नगरसुधारणेसाठी न्यास स्थापन झाला, त्याने दाट वस्त्या पाडल्या आणि रुंद रस्ते काढले. पण घर गेलेली माणसे कामाची जागा सोडून दूर कशी जाणार? ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथली दाटी वाढली. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांतील प्लेगचे क्रूस आपल्याला त्या दिवसांची याद देतात. माणसांची संख्या ठरवून दिल्याने माणसे कमी झाली नाहीत, ती फक्त भिंतीपलीकडे गेली.

हा प्रश्न जमीन जाण्याआधीच ओळखला गेला, असे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेती-बागायतीची जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. २०२४ मध्ये फादर निवर्तले. १४ मे १९९० रोजी वसई-विरारसाठीही सिडकोचीच नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली होती. सारी वसई हिरवी राहिली नाही, हे खरेच. परंतु तेथे भांडण नकाशाच्या रंगावरून, म्हणजे जमीन कशासाठी वापरावयाची यावरून झाले, आणि जमीन लोकांच्या हाती असताना झाले. पनवेलात जमीन आधी गेली. मागून मिळाली ती भरपाई. म्हणून वसईकर विहिरींविषयी आणि वाड्यांविषयी बोलू शकले आणि कामोठेकराला टक्केवारीविषयी बोलावे लागले.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात आले. त्यानंतर वसाहतीत मोठा वाद पेटला तो मालमत्ता कराचा: सिडकोला सेवाशुल्क भरले असताना त्याच वर्षांचा कर पालिकेला का द्यावा? गावाचा वाद मात्र जुन्या रेषेपाशीच राहिला. २०२२ मध्ये राज्य शासनाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची घरे नियमित करण्याचा निर्णय घेतला. हे अंतर मोजावयाचे तर मूळ हद्द आधी जमिनीवर दाखवता आली पाहिजे. शेतसाऱ्याच्या सोयीसाठी आखलेली ती रेषा आता घरांच्या, दुकानांच्या आणि रस्त्यांच्या खाली गेली आहे, आणि मोजणीदाराला फीत लावावयाची आहे ती तिच्यापासूनच.