समुद्रातील पवनऊर्जा : सागरी अभियंत्यांसाठी नवे कार्यक्षेत्र

पवनचक्की म्हटली की मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलचा परिसर उभा राहतो. गेल्या तीन दशकांत मात्र युरोपात आणि पुढे चीनमध्ये या पवनचक्क्या जमीन सोडून समुद्रात उतरल्या आहेत. समुद्रावरील वारा अधिक वेगवान आणि अधिक सातत्याचा असतो. तेथे जमीन संपादनाचा प्रश्न नसतो आणि अवाढव्य पाती जहाजातून नेता येतात. अशा प्रकल्पांची उभारणी आणि देखभाल बहुतांशी जहाजांवरूनच होते. त्यामुळे जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदवारी केलेल्या मरीन इंजिनीअरला, म्हणजेच सागरी अभियंत्याला, येथे मोठा वाव आहे. डहाणू व तलासरी या किनारी तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी या क्षेत्राचा विचार जरूर करावा. परंतु त्यापूर्वी त्याचे खरे स्वरूप समजून घ्यावे.

क्षेत्राची वाटचाल

जगातील पहिला समुद्री पवनऊर्जा प्रकल्प १९९१ मध्ये डेन्मार्कमधील विंडेबी येथे उभा राहिला. त्यात प्रत्येकी ४५० किलोवॉटच्या अवघ्या ११ चक्क्या होत्या. पंचवीस वर्षे वीज दिल्यानंतर २०१७ मध्ये तो उतरवण्यात आला. त्याच वर्षी स्कॉटलंडजवळ 'हायविंड' हा ३० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प सुरू झाला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ८९ किलोमीटरवर असलेला 'हॉर्नसी टू' हा १६५ चक्क्यांचा प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला. त्याची क्षमता सुमारे १.३ गिगावॉट, म्हणजे डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या अडीचपटीहून अधिक आहे. अर्थात वारा सदैव सारखा वाहत नसल्याने प्रत्यक्ष मिळणारी वीज स्थापित क्षमतेपेक्षा बरीच कमी असते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

भारताने २०१५ मध्ये राष्ट्रीय समुद्री पवनऊर्जा धोरण जाहीर केले आणि चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेकडे त्याची सूत्रे सोपवली. गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी आठ विभाग निश्चित करण्यात आले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्य योजनेस मान्यता दिली. तीत दोन्ही राज्यांच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांची तरतूद आहे. २०२२ पर्यंत पाच गिगावॉटचे उद्दिष्ट सरकारने २०१८ मध्ये ठेवले होते. ते गाठता आले नाही. त्यामुळे आज या क्षेत्रातील नोकरी म्हणजे मुख्यतः परदेशातील नोकरी, हे विद्यार्थी व पालकांनी गृहीत धरावे.

कामाचे स्वरूप

समुद्रतळाचे सर्वेक्षण, पायाची उभारणी, चक्की बसवणे, केबल टाकणे, वीजपुरवठा सुरू करणे आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे देखभाल असे प्रकल्पाचे टप्पे असतात. उथळ समुद्रात बहुधा 'मोनोपाइल' नावाचा प्रचंड पोलादी नळखांब तळात ठोकला जातो. त्यावर मनोरा, जनित्राची पेटी आणि पाती चढवण्यासाठी 'जॅक-अप' जहाज लागते. हे जहाज आपले लांब पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेते आणि मग त्याची क्रेन स्थिरपणे काम करू शकते. सर्व चक्क्यांची वीज केबलद्वारे समुद्रातील उपकेंद्रात आणि तेथून किनाऱ्यावर आणली जाते.

सागरी अभियंत्याला यात अनेक पदे उपलब्ध असतात. जहाजांच्या हालचालींचा ताळमेळ ठेवणारा मरीन को-ऑर्डिनेटर, भाड्याने घेतलेल्या जहाजांची यंत्रसामग्री तपासणारा प्रतिनिधी, उभारणी व्यवस्थापक आणि अखेरीस प्रकल्प व्यवस्थापक अशी ही चढण आहे. विमा कंपनीच्या अटीनुसार नेमला जाणारा मरीन वॉरंटी सर्व्हेअर हे एक महत्त्वाचे पद होय. अवजड भाग उचलण्याची किंवा वाहून नेण्याची तयारी तपासून त्याने संमतिपत्र दिल्याशिवाय ते काम सुरू करता येत नाही.

हवामानाचा निर्णय

व्यवस्थापकाची खरी कसोटी 'काम थांबवा' असे सांगण्यात असते. लहान बोटीतून तंत्रज्ञाला चक्कीच्या शिडीवर उतरवायचे असेल तर लाटांची उंची साधारणतः दीड मीटरच्या आत असावी लागते. जॅक-अप जहाज एक दिवस रिकामे राहिले तरी भाड्याचा मोठा भुर्दंड बसतो. साहजिकच काम रेटण्याचा दबाव सतत असतो.

या निर्णयाचे मोल महाराष्ट्राच्या किनाऱ्याने अनुभवले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरात पी-३०५ हा निवासी तराफा बुडाला. या दुर्घटनेत सत्तरहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. त्याच वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' हा दुसरा तराफा वाहत जाऊन पालघर तालुक्यातील वडराईच्या किनाऱ्याजवळ अडकला. सुदैवाने त्यावरील १३७ जणांची सुटका झाली. या घटना तेलक्षेत्रातील होत्या. तरीही हवामानाचा इशारा मिळाल्यावर माणसे केव्हा हलवायची, हा प्रश्न पवनऊर्जेतही तोच आहे.

अरबी समुद्रात आणखी एक पेच आहे. वारा सर्वांत जोरदार वाहतो तो नैऋत्य मोसमी पावसात. नेमक्या त्याच काळात उभारणीचे काम अशक्य असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात डहाणू आणि झाईच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ज्या खवळलेल्या समुद्रामुळे तांडेल होडी बाहेर काढत नाही, त्याच समुद्रामुळे उभारणी व्यवस्थापकालाही आपले वेळापत्रक ऑक्टोबर ते मे या महिन्यांत बसवावे लागते.

शिक्षण व पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांत एकत्रित ६० टक्के गुण मिळवून भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा देता येते. मरीन इंजिनीअरिंगचा बी.टेक. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नईत असून मुंबईतही त्याचे शिक्षणसंकुल आहे. केंद्रीय विद्यापीठ असल्याने तेथे अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात. तलासरीतील आदिवासी विद्यार्थ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. मेकॅनिकल शाखेच्या पदवीधरांना एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम करून जहाजावर जाता येते. वैद्यकीय तपासणी काटेकोर असते. रंगांधळेपणा असल्यास प्रवेश मिळत नाही.

पदवीनंतर जहाजावरील अनुभव घेत नौवहन महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. प्रथम चौथ्या वर्गाचे, मग दुसऱ्या वर्गाचे आणि शेवटी पहिल्या वर्गाचे म्हणजे मुख्य अभियंत्याचे सक्षमता प्रमाणपत्र मिळते. पवनऊर्जेकडे वळण्याची घाई न करता किमान दुसऱ्या वर्गापर्यंत मजल मारणे श्रेयस्कर ठरते. पवनऊर्जेचे काम मिळाले नाही तरी हे प्रमाणपत्र जहाजावर उपयोगी पडते.

चक्कीवर पाऊल ठेवण्यासाठी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक असते. प्रथमोपचार, अग्निसुरक्षा, उंचीवरील काम, अवजड वस्तूंची हाताळणी आणि समुद्रात जीव वाचवणे हे त्याचे पाच भाग असून दर दोन वर्षांनी उजळणी करावी लागते. व्यवस्थापनाकडे जायचे असल्यास करारांचे ज्ञान, खर्चाचा अंदाज आणि वेळापत्रक आखण्याचे कौशल्य स्वतंत्रपणे कमवावे लागते. इंजिनरूममध्ये बिघाड दुरुस्त करणे ही जबाबदारी असते. प्रकल्पात बिघाडाचे पैसे कोण देणार, हेही ठरवावे लागते. मुंबई हाय, वसई, हीरा आदी तेल-वायूक्षेत्रांतील कामाचा अनुभव याबाबतीत मोलाचा ठरतो.

डहाणू-तलासरीचा संदर्भ

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्री पवनऊर्जेचे विभाग निश्चित झालेले नाहीत. मात्र डहाणू तालुक्यातील वाढवण येथे सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सागरी अभियंत्याला किनाऱ्यावरील काम त्यातून मिळू शकते. या बंदराचा इतिहासही व्यवस्थापकाने अभ्यासण्यासारखा आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने १९९८ मध्ये बंदराचा तेव्हाचा प्रस्ताव नाकारला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावास सशर्त परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध मात्र कायम राहिला.

समुद्र रिकामा नसतो. तेथे कोणाची तरी डोल लागलेली असते. पवनचक्क्यांच्या रांगांमुळे आणि केबलमुळे मासेमारीचे क्षेत्र बदलते, म्हणून युरोपातील प्रकल्पांत मच्छीमारांशी समन्वय साधणारा स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत आहे. उधाण आणि भांगाच्या भरतीचे गणित घरातच शिकलेल्या, मच्छीमारांची भाषा व त्यांची भीती जाणणाऱ्या अभियंत्याची या कामात निश्चितच गरज आहे.

सावधगिरी

ब्रिटनने समुद्री पवनऊर्जा कामगारांना दिलेली व्हिसाविषयक सवलत ३० एप्रिल २०२३ रोजी संपली. म्हणून कोणत्या देशाचा, कोणत्या प्रकारचा व्हिसा मिळणार, हे लेखी विचारावे. जहाजावरील भरतीसाठी नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेशीच संपर्क साधावा आणि परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास नियमांनुसार मनाई आहे. पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहणे, हीच या प्रवासाची पहिली सुरक्षितता होय.