मोबाईलला जोडले जाणारे गिटारचे छोटे ॲम्प्लिफायर : ओळख, कार्य आणि निवड

गिटार हे वाद्य आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतींच्या हाती आता चांगलेच रुळले आहे. सरावाला जागा मिळणे मात्र तितके सोपे राहिलेले नाही. नाशिकजवळच्या एकलहरे गावाचेच उदाहरण घ्या. तेथील औष्णिक विद्युत केंद्राचे काम अहोरात्र पाळ्यांमध्ये चालते. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा विश्रांती घेत असतो आणि पहिल्या पाळीला जाणारा रात्री लवकर झोपतो. घराला घर लागून असलेल्या अशा वस्तीत इलेक्ट्रिक गिटारचा सराव करायचा कधी आणि कोठे? या अडचणीवर उपाय म्हणून मोबाईलला जोडले जाणारे छोटे ॲम्प्लिफायर बाजारात आले आहेत. त्यांविषयीची मूलभूत माहिती वाचकांपुढे ठेवावी आणि पालकांच्या कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी खर्च व्हावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

गिटारचा आवाज वीज कसा होतो?

इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज फारच क्षीण असतो. तारांखाली 'पिकअप' नावाचा भाग बसवलेला असतो. त्यात चुंबक असून त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेला हाच नियम एकलहरे येथील २१० मेगावॅटच्या संचातही काम करतो. फरक एवढाच की, तेथे वाफेच्या बळावर प्रचंड जनित्र फिरते, तर येथे बोटाने छेडलेली तार हलते. पिकअपमधून निघणारा संकेत एका व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्याला बळ देऊन स्पीकरपर्यंत पोहोचवणे, हे ॲम्प्लिफायरचे काम.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात यावी. आपल्याकडे अनेक घरांत असलेली पोकळ पेटीची साधी अकूस्टिक गिटार, तिच्यात पिकअप नसेल तर, अशा ॲम्प्लिफायरला जोडताच येत नाही. नायलॉनच्या तारांवर तर चुंबकीय पिकअपचा काहीच परिणाम होत नाही. तिला वेगळ्या प्रकारचा, दाब ओळखणारा पिकअप लागतो. तेव्हा खरेदीपूर्वी घरची गिटार कोणती आहे, हे प्रथम पाहावे.

थोडा इतिहास

बॅटरीवर चालणारे, हातात उचलून नेता येणारे ॲम्प्लिफायर १९७० च्या दशकातच अमेरिकेत लोकप्रिय झाले होते. 'बॉस्टन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक आणि अभियंते टॉम शोल्झ यांनी १९८२ साली 'रॉकमन' नावाचे, कमरेला अडकवून हेडफोनवर ऐकण्याचे उपकरण आणले. मोबाईल या क्षेत्रात आला तो २०१० साली. इटलीतील आयके मल्टिमीडिया या कंपनीने 'आयरिग' नावाचा छोटा जोड बाजारात आणला आणि गिटार थेट आयफोनला जोडता येऊ लागली. २०१९ साली पॉझिटिव्ह ग्रिड कंपनीने 'स्पार्क' हा ४० वॅटचा ॲम्प्लिफायर जाहीर केला. त्याचे बरेचसे नियंत्रण मोबाईलमधील ॲपवरून होते. त्याच कंपनीचा २०२३ साली आलेला 'स्पार्क गो' तळहातावर मावेल एवढा, ५ वॅटचा आणि बॅटरीवर चालणारा आहे.

मोबाईलचे नेमके काम कोणते?

या उपकरणांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात आणि त्यांत पुष्कळांची गल्लत होते.

पहिल्या प्रकारात ॲम्प्लिफायर स्वयंपूर्ण असतो. गिटार केबलने त्याला जोडली जाते आणि आवाजावरील सर्व संस्कार त्याच्या आतच होतात. मोबाईल केवळ दोन कामे करतो : ब्लूटूथवरून गाणे पाठवणे, म्हणजे त्याच्या साथीने वाजवता येते, आणि ॲपमधून आवाजाची निवड बदलणे. मोबाईल बंद पडला तरी गिटार वाजत राहते.

दुसऱ्या प्रकारात मोबाईल हाच ॲम्प्लिफायर बनतो. मधला छोटा जोड, ज्याला इंटरफेस म्हणतात, गिटारचा संकेत मोबाईलला समजेल अशा रूपात देतो आणि ॲप त्यावर संस्कार करून तो हेडफोनकडे पाठवते. हा जोड टाळून साध्या पिनेने गिटार मोबाईलच्या माईकच्या छिद्रात जोडली, तर आवाज मंद आणि निस्तेज होतो, कारण ते छिद्र पिकअपच्या क्षीण संकेतासाठी बनवलेले नसते. शिवाय आजच्या अनेक मोबाईलना हेडफोनचे गोल छिद्रच नसते. २०१६ सालच्या आयफोन ७ पासून ॲपलने ते काढून टाकले आणि इतरांनीही पुढे तोच मार्ग धरला. म्हणून इंटरफेस आपल्या मोबाईलला जुळतो की नाही, याची खात्री दुकानातच जोडून करावी.

विलंबाचा प्रश्न

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. ॲम्प्लिफायरपासून साडेतीन मीटरवर बसलेल्या वादकाला स्वतःचा सूर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. हा उशीर सहसा जाणवत नाही. परंतु सामान्य ब्लूटूथ इयरफोनमध्ये हा विलंब सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे वादक जणू आपलेच वादन जवळजवळ ७० मीटर दूर उभा राहून ऐकतो! अशा स्थितीत ताल सांभाळणे अशक्यप्राय होते आणि नवशिक्याला वाटते की, चूक आपल्याच हाताची आहे.

म्हणून नियम सोपा आहे : ब्लूटूथवरून गाणे यावे, पण स्वतःच्या गिटारचा आवाज साध्या ब्लूटूथ इयरफोनवर ऐकू नये. सरावासाठी वायरचा हेडफोनच उत्तम.

किती वॅट हवे?

अधिक वॅट म्हणजे त्याच पटीत अधिक आवाज, हा समज चुकीचा आहे. शक्ती दहापट वाढवली, तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ५ वॅटच्या तुलनेत ४० वॅट आठपट असले, तरी स्पीकर सारखाच असेल तर आवाज दुपटीहून थोडा कमीच भासेल. खोलीतील सरावाला ५ वॅट पुष्कळ होतात. मोठ्या स्पीकरमुळे खर्जाचे सूर अधिक भरीव येतात, एवढा लाभ मात्र खरा.

शेजारी आणि कान

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रपाळीच्या कामगाराची झोप मात्र दिवसाच असते, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. ते शेजारधर्मानेच ओळखावे लागते.

हेडफोन शेजाऱ्याचे रक्षण करतो, पण कानांवरचा भार वाढवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल तितकाच वेळ, ही सुरक्षित सीमा आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. हेडफोन कानावर असताना समोरच्याचे साधे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करावा.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. आपली गिटार पिकअपची आहे काय? नसेल, तर ॲम्प्लिफायर घेऊ नये. ब्रिजजवळ तारांखाली मऊ कापडाची घडी सारली की अकूस्टिक गिटारचा आवाजही बराच दबतो. हा उपाय बिनखर्चाचा आहे.

२. ॲप आपल्या मोबाईलवर चालते काय? जुन्या मोबाईलवर नवे ॲप चालेलच असे नाही. कंपनीने ॲपला दिलेला आधार पुढे थांबला, तर उपकरणाची काही कामेही थांबू शकतात. म्हणून आवाज कमी-अधिक करण्याची बटणे प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरवर असणे हिताचे.

३. वायरच्या हेडफोनसाठी छिद्र आहे काय?

४. बॅटरी किती तास टिकते आणि दुरुस्ती नाशिकमध्ये होते काय?

उपासनेत वापरावा काय?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या संविधानात पाईप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि उपासनेस अनुरूप अशी इतर वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाव ठेवला. पवित्र संगीताविषयीच्या ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रात वाद्यांनी गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार द्यावा, शब्द झाकू नयेत, असे सांगितले आहे. त्यामुळे गिटारला दार बंद नाही, पण तिने पुढे पुढेही करू नये.

या ॲपमध्ये आपोआप ढोल आणि बेस वाजवून साथ देण्याची सोय असते. तालाच्या सरावाला ती अत्यंत उपयुक्त आहे. उपासनेत मात्र ती आणू नये. ३ सप्टेंबर १९५८ च्या रोमच्या सूचनापत्राने ग्रामोफोनसारखी स्वयंचलित साधने उपासनेत निषिद्ध ठरवली होती. त्यामागचा विचार आजही पटण्याजोगा आहे : स्तुतिगान हे जिवंत माणसांच्या कंठातून आणि हातांतून यावे. शिवाय भरलेल्या चर्चमध्ये ५ वॅटचा स्पीकर पुरणारही नाही. तेथे गिटार चर्चच्या साऊंड सिस्टीमलाच जोडावी.

सारांश, हे उपकरण सरावाच्या खोलीतले आहे. ते बोटांना वळण लावत नाही. केवळ कोणाची झोप न मोडता वळण लावून घेण्यास वेळ मिळवून देते. ज्या घरात शिकणारा रोज अर्धा तास नेमाने बसतो, त्या घरात त्यावर केलेला खर्च सत्कारणी लागेल. जेथे गिटार भिंतीला टेकून धूळ खाते, तेथे आधी तारा बदलाव्यात आणि दोन-तीन महिने सराव टिकतो काय ते पाहावे, असे आम्ही पालकांना सुचवू इच्छितो.