नांव, बापाचें नांव व आडनांव
पेशवे घराण्यांतील नामकरणाविषयीं एक विचार

मूल जन्मास आलें म्हणजे बारशाच्या सुमारास हल्लीं बहुधा असा प्रश्न निघतो, कीं योजिलेलें नांव आडनांवाशीं शोभेल काय? दोन्ही मिळून उच्चारास सुलभ होतील काय? हा प्रश्न इतका स्वाभाविक वाटतो, कीं आपल्या पूर्वजांसही तो पडत असावा असें आपण गृहीत धरतों. पेशवे घराण्याची वंशावळ व त्या काळचे कागद यांवरून मात्र आमचें मत निराळें झालें आहे. त्या काळीं नांवाची जोडी आडनांवाशीं लावीत नसत. ती लागे मृत पूर्वजाशीं, बापाच्या नांवाशीं, आणि सुनेच्या बाबतींत नवऱ्याच्या नांवाशीं. ही गोष्ट लक्षांत न घेतल्यास एखादा कागद कोणाचा, हेंच ठरविण्यांत चूक होण्याचा संभव असतो. म्हणून तिचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. आश्वलायनगृह्यसूत्रांत नामकरणाचे नियम दिले आहेत. मुलाच्या नांवाचा आरंभ मृदु व्यंजनानें व्हावा, मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादा वर्ण यावा, अक्षरें दोन किंवा चार असावींत. मुलीच्या नांवाचीं अक्षरें मात्र विषम असावींत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत स्त्रियांचीं नांवें सुखानें उच्चारतां येतील अशीं व मंगलसूचक असावींत असें सांगितलें आहे. म्हणजे नांवाच्या नादाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. परंतु त्या विचारांत आडनांवास कोठेंही जागा नाहीं.

आतां वंशावळ घेऊं. श्रीवर्धनच्या भट घराण्यांतील विश्वनाथाचा पुत्र बाळाजी. बाळाजीचा वडील मुलगा बाजीराव. त्याचें दुसरें नांव विसाजी, म्हणजे आजोबांचें विश्वनाथ हेंच नांव होय. बाळाजी विश्वनाथ १७२० सालीं वारले व त्यानंतर बाजीरावास जो पहिला मुलगा झाला, त्याचें नांव बाळाजी ठेवण्यांत आलें, हेच नानासाहेब. पहिले बाजीराव १७४० त वारले. त्यांचा पुत्र रघुनाथराव यास १७७५ त धार येथें मुलगा झाला, त्यास बाजीराव हें नांव मिळालें. रघुनाथरावाच्या दुसऱ्या मुलास चिमाजी हें चुलत आजोबांचें नांव लाभलें. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरांत निवर्तले, नारायणरावाचा खून १७७३ च्या ऑगस्टांत झाला, आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मलेल्या त्याच्या पुत्रास चुलत्याचें माधवराव हें नांव दिलें गेलें.

हा नियम सर्वत्र लागू पडतो असें मात्र नाहीं. नानासाहेबांच्या वडील मुलाचा जन्म बाजीरावाच्या मृत्यूनंतरचा, १७४२ चा. तरी त्याचें नांव विश्वासराव. तथापि दोन बाळाजी, दोन बाजीराव, दोन माधवराव व दोन चिमाजी एका घराण्यांत होणें हा योगायोग म्हणतां येणार नाहीं. ही चाल एकट्या पेशव्यांचीही नव्हे. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानु. त्यांचे आजोबाही बाळाजीच. छत्रपतींच्या कुळांत संभाजीराजांस १६८२ त पुत्र झाला, त्याचें मूळ नांव शिवाजी. तेच पुढें शाहूमहाराज. राजारामाच्या दोघां पुत्रांस शिवाजी व संभाजी हींच नांवें मिळालीं. गेलेलें माणूस नांवरूपानें घरांत परत यावें, ही भावना या चालीच्या मुळाशीं आहे असें आम्हांस वाटतें.

या चालीमुळें घरांत एक अडचण उभी राही. पतीचें किंवा सासऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं हा स्त्रियांचा दंडक. राधाबाई १७५३ पर्यंत हयात होत्या. नातवाचें नांव त्यांच्या पतीचेंच. तें त्यांनीं उच्चारावें कसें? नाना, भाऊ, दादा, बापू, आप्पा हीं घरगुती नांवें त्या काळीं इतकीं रूढ झालीं, त्याचें एक कारण येथें असावें असा आमचा तर्क आहे. पुढें हींच नांवें कागदांत शिरलीं, आणि दरबारांत एकाच वेळीं अनेक नाना व अनेक भाऊ दिसूं लागले.

मग माणूस ओळखावा कशानें? बापाच्या नांवानें. पेशव्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचें नांव, स्वतःचें नांव, बापाचें नांव व शेवटीं प्रधान हें पद येतें. भट हें आडनांव येत नाहीं. माधवराव बल्लाळ म्हणजे थोरले, माधवराव नारायण म्हणजे सवाई. बाजीराव बल्लाळ म्हणजे पहिले, बाजीराव रघुनाथ म्हणजे शेवटचे. त्या काळच्या पुष्कळ पत्रांत चंद्र व महिना असतो, साल नसतें. अशा पत्रांत ‘माधवराव’ एवढेंच असल्यास तें १७७२ च्या अलीकडचें कीं पलीकडचें, हें नांवावरून ठरविणें धोक्याचें होय. त्यांतही बल्लाळ हें बाळाजीचेंच रूप असल्यामुळें तें आजोबा बाजीराव व नातू माधवराव या दोघांसही लागतें, हें विसरूं नये.

सुनेच्या नांवाची जोडी तर उघडच दिसते. लग्नांत वधूचें नांव बदलीत, व तें बहुधा वराच्या नांवांतील देवतेकडे पाहून योजीत. रघुनाथरावाची प्रथम पत्नी जानकीबाई. सदाशिवरावभाऊंची पहिली पत्नी उमाबाई, दुसरी पार्वतीबाई. दोन्ही नांवें शंकराच्या पत्नीचींच. थोरल्या माधवरावांची पत्नी रमाबाई, आणि १७८३ त सवाई माधवरावांशीं विवाह झालेली थत्त्यांची कन्या, तीही रमाबाईच. ही जुळणी कानास गोड लागते. परंतु तिच्यामुळें कित्येक स्त्रियांचें माहेरचें नांव कायमचें बुडालें, ही हानि लहान नव्हे.

राहिलें आडनांव. तें अस्तित्वांत होतें. सोयरीक जमवितांना त्याचा उपयोगही होई. पण तें अचल नव्हतें. अधिकारामुळें भटांचे पेशवे झाले व भानूंचे फडणीस झाले. ज्याचें आडनांव असें हुद्द्याबरोबर पालटूं शकतें, त्यानें मुलाचें नांव आडनांवाशीं जुळवीत बसावें कशाला? पुढें इंग्रजी अमदानींत शाळेचा दाखला, कचेरीची यादी व न्यायालयाचे कागद यांनीं आडनांव पक्कें केलें. आणि मग नांव व आडनांव यांचा मेळ पाहण्याची आजची दृष्टि उत्पन्न झाली.

तरीही जुनी जोडी सर्वस्वीं मोडलेली नाहीं. मराठी माणसाच्या पूर्ण नांवाच्या मध्यभागीं बापाचें नांव अजून उभें आहे. तें शिक्क्यांतल्या बल्लाळ व नारायण यांचेंच वंशज होय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचेंही नांव घालण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनें केला आहे. जिचें माहेरचें नांव लग्नांत पुसलें जाई व जिचें सासरचें नांव अपत्याच्या नांवांत कधीं येत नसे, तिला मिळालेली ही जागा पुढील संशोधकांस उपकारकच होईल.

आईबापांनीं नांव कानास गोड लागेल असें जरूर निवडावें. आमची विनंती एवढीच, कीं घरांतील वडील माणसांस विचारून आजोबा, पणजोबा, आजी व पणजी यांचीं पाळण्यांतलीं, घरगुती व माहेरचीं नांवें एका कागदावर बापाच्या नांवासह व सालासह उतरून ठेवावींत. पेशव्यांची वंशावळ लागते, कारण त्यांचें दप्तर शिल्लक आहे. सामान्य घरांतील दोन पिढ्यांचा एकच बाळाजी वेगळा करून सांगणारें माणूस एकदां गेलें, म्हणजे ते दोघेही एकमेकांत मिसळून नाहींसे होतात.