पडद्यावरचा शेवट, संसाराचा आरंभ

23 ऑगस्ट 1926 रोजी न्यूयॉर्क शहरात रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा नट वयाच्या अवघ्या 31व्या वर्षी निधन पावला आणि त्याच्या अंत्यदर्शनासाठी रस्त्यांवर हजारोंची झुंबड उडाली. 1921 साली आलेल्या ‘द शेख’ या मूकपटाने त्याला असंख्य स्त्रियांचा स्वप्नपुरुष बनविले होते. अश्रू ढाळणाऱ्या बहुतेकींनी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते की त्याचा आवाजही ऐकला नव्हता. तरीही आपले कुणी जिवलग हरपल्याचे दुःख त्यांना झाले.

ही जादू आहे तरी काय, याचा शोध अभ्यासकांनी लवकरच सुरू केला. 1929 पासून ‘पेन फंड’ या निधीच्या साहाय्याने चित्रपटांच्या परिणामांची मोठी पाहणी झाली. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी शेकडो तरुण-तरुणींकडून त्यांचे चित्रपटविषयक अनुभव लिहून घेतले व 1933 साली ते ग्रंथरूपाने मांडले. प्रेम कसे व्यक्त करावे, कसे पाहावे, कसे बोलावे, हे आपण पडद्यावरून शिकलो, अशी कबुली अनेकांनी दिली होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पडद्यावरील वैभव पाहून स्वतःच्या घराविषयी व जीवनाविषयी असमाधान वाटू लागल्याचेही काहींनी लिहिले होते.

धर्मसभेनेही हा प्रश्न ओळखला होता. 1930 साली पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती विवाहावर परिपत्रक काढले. त्याच वर्षी अमेरिकेत चित्रपटांसाठी नीतिनियमांची संहिता स्वीकारली गेली. तिच्या रचनेत येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. 1934 साली कॅथलिकांनी अशिष्ट चित्रपटांविरुद्ध व्यापक चळवळ उभारली आणि लक्षावधी भाविकांनी असे चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा केली. 29 जून 1936 रोजी पोपमहोदयांनी चित्रपटांविषयीच्या खास परिपत्रकात या चळवळीचे कौतुक केले. चांगला चित्रपट माणसाला उन्नतही करू शकतो, हेही त्यांनी नमूद केले.

या जागरूकतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र आज मागे वळून पाहताना एक गोष्ट ध्यानी येते. कात्री चुंबनावर चालली, वेषभूषेवर चालली. परंतु प्रेमाविषयीची जी कल्पना कथेतून मनात रुजत होती, ती कात्रीला सापडलीच नाही. 1934 सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा गाजलेला चित्रपट घ्या. घरातून पळालेली धनिककन्या आणि फटकळ वार्ताहर काही दिवसांच्या प्रवासात भांडतात, प्रेमात पडतात व अखेर विवाहबद्ध होतात. तेथेच पडदा पडतो. पुढे घरभाडे कोण भरणार, आजारपणात उशाशी कोण बसणार, हे प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाहीत. किंबहुना विवाहाचे पावित्र्य जपण्याच्या आग्रहामुळे विवाह हाच प्रेमकथेचा सुखान्त, ही समजूत अधिकच दृढ झाली असावी.

ही कथा आपल्याकडेही आली. 1956 सालचा ‘चोरी चोरी’ आणि 1991 सालचा ‘दिल है कि मानता नहीं’ हे तिचेच भारतीय अवतार. भारतीय चित्रपटाने तिच्यात आपली भर घातली ती अडथळ्यांची. 1973 सालच्या ‘बॉबी’त श्रीमंत घरचा मुलगा गोव्याच्या ख्रिस्ती कोळ्याच्या मुलीवर प्रेम करतो. प्रेमाचा शत्रू बाहेर असतो: पैसा, प्रतिष्ठा, बापाचा हट्ट. शेवटी दोघांचे वडील पाण्यात उड्या घेऊन एकमेकांच्या मुलांना वाचवतात आणि सारे काही मिटते. 1995 सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये नायक पळून जाण्यास नकार देतो, त्याला वडिलांची संमती हवी आहे. ती मिळते, गाडी सुटते, चित्रपट संपतो.

मुलामुलींच्या मनाचा विचार व्हावा, हे या चित्रपटांनी घरोघरी पोचविले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. वधूवरांच्या मुक्त संमतीवाचून विवाह होतच नाही, असे धर्मसभाही सांगत आली आहे. परंतु शत्रू केवळ बाहेरच असतो, ही शिकवण घातक आहे. अशा अपेक्षेने संसारात पडलेल्या जोडप्याला पहिले कडाक्याचे भांडण झाले, की आपली निवडच चुकली असे वाटू लागते. वास्तविक ज्या शत्रूशी झुंजायचे तो आपल्याच स्वभावात दडलेला असतो. त्याचा राग, त्याचा अबोला, त्याचा आळस कोणत्याही पडद्यावर शोभून दिसत नाही.

2016 साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरील आपल्या प्रबोधनपत्रात वैवाहिक जीवनाविषयीच्या अवास्तव अपेक्षा हे विवाह मोडण्याचे एक कारण म्हणून सांगितले. नव्वद वर्षांपूर्वी ब्लूमर यांच्या तरुणांनी जे लिहिले, त्याचेच हे जणू उत्तर होय.

आपल्या मुलांना चित्रपट पाहू नका असे सांगून भागणार नाही. त्यांच्याबरोबर बसून चित्रपट पाहावा आणि तो संपल्यावर विचारावे, “यानंतर त्या दोघांचे काय झाले असेल?” मग आपल्या स्वतःच्या संसाराची गोष्ट, तिच्यातील रुसव्याफुगव्यांसह व क्षमेसह, त्यांना मोकळेपणाने सांगावी. ती गोष्ट त्यांना दुसरे कोण सांगणार?