वाशीमचे पठार व पूर्णेचे खारपाण : भूजलव्यवस्थेच्या इतिहासातील एक प्रश्न

वऱ्हाडचे पयानघाट व बालाघाट असे दोन विभाग पूर्वापार मानले जात. पूर्णेचे सखल खोरे म्हणजे पयानघाट, आणि त्याच्या दक्षिणेचे पठार म्हणजे बालाघाट. वाशीम हे या पठारावरील प्राचीन नगर होय. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. येथील पैनगंगा, अडाण व अरुणावती यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. परंतु काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस उतरून पूर्णेस मिळते. वरच्या व खालच्या प्रदेशांचा हा नैसर्गिक संबंध प्रशासनाने मात्र क्वचितच विचारात घेतला.

दोन्ही प्रदेशांतील भूजलाची अडचण भिन्न आहे. पठाराखाली काळा पाषाण असून पाणी मुख्यतः त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात व भेगांतच साठते. ‌१९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिकांचा प्रसार झाला. तथापि नळी खोल गेली म्हणून साठा वाढत नाही, उलट शेजारची उथळ विहीर मात्र आटते. खाली पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशात पाणी पुष्कळ ठिकाणी आहे, पण ते खारे आहे. हा प्रदेश समुद्रापासून दूर असला, तरी तेथील न्याय किनाऱ्यावरच्या शेतीसारखाच आहे : गोड्या पाण्याचा पातळ थर उपसला की खालचे खारे पाणी वर सरकते. असे पाणी काळ्या जमिनीस दिल्यास तिचा निचराही बिघडतो.

कायद्याची दृष्टी प्रारंभी पिण्याच्या पाण्यापुरती मर्यादित होती. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातला. २००९ चा अधिनियम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याने शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहिरींना मनाई केली आणि अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोटनिहाय समितीची कल्पना मांडली. विहिरीकडून पाणलोटाकडे झालेले हे संक्रमण महत्त्वाचे होय.

तरीही जिल्ह्याची सीमा व पाणलोटाची सीमा एक नाही. जुना वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यास जोडला गेला आणि १९९८ मध्ये वाशीम पुन्हा स्वतंत्र झाला. काटेपूर्णेचा मार्ग मात्र बदलला नाही. महान येथील धरणातून अकोला शहरास मिळणारे गोडे पाणी याच नदीचे आहे. पठारावर पाणी अडवून मुरविणे हा तेथील शेतकऱ्याचा हक्क. खाली गोडे पाणी पोचणे ही खारपाणातील वस्तीची गरज. दोहोंचा मेळ घालणारी व्यवस्था पाणलोटाच्या शिरापासून पायथ्यापर्यंत एकच असली पाहिजे. कायद्याने पाणलोट हा घटक मानला आहे. तो प्रत्यक्षात जिल्ह्याच्या सीमेवर थांबणार की तीपलीकडे जाणार, यावर त्या तत्त्वाचे मोल ठरेल.